पावणे सात, बसून

मावशीचा दिवस पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी सुरू व्हायचा. साडेचारला नाही. मी एकदा म्हटलं, दहा मिनिटांनी असा काय फरक पडतो? तर म्हणाली, दहा मिनिटांत शंभर ग्लास पुसून होतात. मला ते खरं वाटलं नाही, म्हणून हॉलवर घड्याळ लावून मोजलं. शंभर नाही, एकशे चार झाले.

आम्ही दोघं समारंभाच्या एका हॉलवर कामाला होतो. मी खुर्च्या-टेबलं लावायचो, ती मागची बाजू सांभाळायची. मागची बाजू म्हणजे ताटं, ग्लास, पाणी, टेबलं पुसणं, उष्टं उचलणं, झाडणं. तिच्या हाताखाली नऊ बायका. मी सत्तावीस वर्षं काढली, तिने सव्वीस. वयाने मी दोन वर्षांनी मोठा, पण सगळे तिला मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. ती मला खुर्चीवाले म्हणायची. तिच्या पाठीमागे तिचं नाव सेकंदकाटा होतं. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. म्हणायची, तासकाटा म्हणाले असते तर एकेकाला बघून घेतलं असतं.

समोरून आलेल्या माणसाला वाटतं की समारंभ आपोआप होतो. होत नाही. दहा खुर्च्यांची चळत उचलून पन्नास पावलं न्यायची तर ती कमरेने नाही, मांड्यांनी उचलावी लागते. हे ज्याला दुसऱ्या दिवशी कळतं त्याची कंबर टिकते, ज्याला दुसऱ्या वर्षी कळतं त्याची टिकत नाही. मावशी टेबल दोन फडक्यांनी पुसायची. डाव्या हातात ओलं, उजव्या हातात कोरडं, आणि एक हात दुसऱ्याच्या पाठोपाठ जायचा. एका टेबलाला अकरा सेकंद. नवी बाई आली की तिला पहिले आठ दिवस नुसतं पुसायला लावायची. ग्लास काठाशी धरला की हातावर चापट. दोन बायका त्या चापटीमुळे काम सोडून गेल्या. ज्या राहिल्या त्या आज दुसऱ्या हॉलांवर मुकादम आहेत.

एक गोष्ट मात्र ती कधी करत नसे. बसत नसे. समारंभ आटोपला की आम्ही सगळे मागच्या बोळात क्रेट उलटे टाकून त्यावर बसून जेवायचो. मावशी भिंतीला खांदा टेकून, ताट हातात धरून. बस म्हटलं की म्हणायची, बसलं की उठायला वेळ लागतो. घरीही तेच. नवरा वारला तेव्हा लेक चार वर्षांची होती. हॉलची कामं संध्याकाळची, त्यामुळे लेक शेजारणीकडे जेवायची. सुट्टीच्या दिवशी दोघी घरी असल्या तरी लेक ताटावर आणि आई ओट्याला टेकून, एक डोळा शेगडीवर. लेक मोठी झाली, शिकली, दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर लागली, तरी आईला बसून जेवताना तिने पाहिलंच नव्हतं. हे तिने स्वतः मला सांगितलं, म्हणून लिहितो.

या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, तिने स्वतः पसंत केलेला. लग्न सकाळी कचेरीत सह्या करून आणि रिसेप्शन आमच्याच हॉलवर, दुपारी चार ते संध्याकाळी आठ. पाहुणे दोनशे.

महिनाभर आधी एका रविवारी मावशीने मला घरी बोलावलं. माझं अक्षर बरं आहे. ती सांगणार, मी लिहिणार, असं ठरलं. लिहिण्याबाबत माझा एक नियम आहे, तो इथे सांगावा लागेल. मी वेळ आकड्यात लिहीत नाही, अक्षरात लिहितो. पूर्वी आकड्यातच लिहायचो. माझा एक आणि माझा नऊ सारखे दिसतात. त्यापायी एका समारंभात फुलवाला दुपारी एकऐवजी रात्री नऊला आला. तोवर नवरा-नवरी घरी जाऊन झोपले होते. तेव्हापासून अक्षरात.

मावशी ओट्याला टेकून उभी राहिली आणि बोलू लागली. कागद समोर नव्हता, सगळं डोक्यात. साडेतीनला खुर्च्या पुसून तयार. चारला दार उघडायचं. साडेचारला नवरा-नवरी. पाच वाजून पाच मिनिटांनी स्टेजवर भेटी सुरू. दोनशे माणसं चार-चारच्या घोळक्याने वर जाणार, म्हणजे पन्नास घोळके. एका घोळक्याला पंचेचाळीस सेकंद. त्यात चढणं दहा, हसणं पाच, भेट देणं दहा, फोटो पंधरा, उतरणं पाच. मी विचारलं, हसायला पाचच? ती म्हणाली, खरं हसू तेवढंच टिकतं, त्यानंतर सगळे फोटोवाल्याच्या नावाने दात दाखवत असतात. आत्या असेल तर दुप्पट धरा म्हणाली. जावयाला आत्या किती, ते तिने आधीच विचारून ठेवलं होतं. तीन. जावयाच्या आईला चार शब्द बोलायचे होते, त्याला तीन मिनिटं लिहायला सांगितली आणि मनात सात धरायला सांगितली. सहाला जेवण, काउंटरवर, उभ्याने, आणि तेव्हाच नवरा-नवरीचे मित्रांबरोबर फोटो. सातला सगळ्यांचा मिळून फोटो. साडेसातला निरोप. आठला हॉल रिकामा, कारण आठनंतर थांबलेल्या पाहुण्याच्या बुडाखालून खुर्ची ओढावी लागते, आणि ते काम माझं असतं.

मी सत्तावीस वर्षांत बरीच वेळापत्रकं पाहिली. इतकं घट्ट विणलेलं एकही नाही. सुई घालायला जागा नव्हती.

तेवढ्यात लेक कामावरून आली. चहा ठेवला, कागद उचलला, वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मग विचारलं, यात तू कुठे आहेस?

मावशी म्हणाली, सगळीकडे आहे की. दारात मी, स्टेजच्या मागे मी, काउंटरला मी.

"म्हणजे कुठेच नाहीस," लेक म्हणाली. "दोनशे माणसांचा हिशेब लावलास, आत्यांचासुद्धा. नवरीची आई कुठे बसणार, ते राहिलंच."

मावशीने मान वळवली. ती वाद घालत नसे, काम काढत असे. म्हणाली, चहा उतू जाईल. चहा उतू जात नव्हता. लेकीने गॅस बंद केला आणि अट घातली. त्या दिवशी तू माझ्या शेजारी बसून जेवायचं. ताट टेबलावर, तू खुर्चीवर. ते या कागदात लिहिलं नाही तर मी काही हॉलवर येत नाही, कचेरीतून परस्पर सासरी जाते.

मावशीने भिंतीकडे बघत बराच हिशेब केला. काउंटरची गर्दी पाऊण तासात ओसरते, सातला फोटो, मधे पंधरा मिनिटं निघतात. मला म्हणाली, लिहा, पावणेसात, जेवण, बसून. मी लिहिलं. मावशी म्हणाली, पंधरा मिनिटं म्हणजे चैन झाली.

जिन्यापर्यंत लेक मला सोडायला आली. हळू आवाजात म्हणाली, काका, ती बसायची नाही. पावणेसातला बरोबर काहीतरी निघेल. ग्लास कमी पडतील, कुणी पाणी सांडेल, नाहीच सांडलं तर ती स्वतः सांडेल. मी हसलो, पण मलाही तेच वाटत होतं. माझ्या देखत तर ती सव्वीस वर्षांत बसली नव्हती.

रिसेप्शनच्या दिवशी मावशी चार वीसलाच उठली, समारंभ दुपारी चारला असताना. कचेरीत सह्या झाल्या आणि एक वाजता ती हॉलवर हजर. नवे कपडे, नवी चप्पल, आणि हातात दोन फडकी. ती फडकी तिच्या हातून मी काढून घेतली. दहा मिनिटांनी पाहिलं तर दुसरी दोन होती. आमच्यातले निम्मे त्या दिवशी पाहुणे होते, निम्मे कामावर. पाहुण्यांपैकी मी एक, तरी खुर्च्या मीच लावल्या. दुसऱ्याने लावलेली रांग मला वाकडी दिसते.

सहापर्यंत सगळं कागदाबरहुकूम झालं. चार घोळके चढता चढताच हसून मोकळे झाले, तो वाचलेला वेळ एका आत्याने खाल्ला. जावयाची आई बोलायला उभी राहिली तेव्हा मावशी स्टेजच्या कडेला जाऊन बोटं दाखवत राहिली. तीन, दोन, एक. त्या बाईंना वाटलं ही कौतुकाने हात हलवते आहे. त्या आणखी खुलल्या. साडेसहा मिनिटं झाली. मावशीने सात धरली होती, म्हणजे अर्धं मिनिट नफ्यात.

ठीक सहाला काउंटर उघडले. मावशी रांगेच्या तोंडाशी उभी राहून ताटं सरकवत होती. आणि त्याच वेळी स्वयंपाकघराचं दार उघडून आचारी बाहेर आला. मागून दोघं जण टेबल घेऊन. खिडकीशी टेबल ठेवलं, पांढरा कपडा घातला, सात खुर्च्या, सात ताटं, सात ग्लास, मधे झाकलेली गरम भांडी. हा आचारी आमच्याकडे नवा, चार महिन्यांचा. हाताला चव, स्वभावाला घाई. कमरेवर हात ठेवून त्याने विचारलं, "पावणे सात कुठे आहेत?"

मावशी त्याच्याकडे न बघताच म्हणाली, पाऊण तास आहे अजून.

आचारी म्हणाला, पाऊण तास कशाला थांबायचं, गरम आहे, बोलवा त्यांना.

कुणाला?

पावणे सातना.

मावशीने ताट सरकवायचं थांबवलं. म्हणाली, पावणेसातला बोलावतात का कधी? ते आपोआप वाजतात.

आचाऱ्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि तिच्यासमोर धरली. स्वयंपाकघरासाठी मी वेगळी चिठ्ठी उतरवून दिली होती, माझ्याच अक्षरात. सहा – जेवण, उभ्याने. त्याच्या खाली, पावणे सात – जेवण, बसून.

आता इथे चूक काय झाली ते सांगतो. बोलताना आम्ही पाहुण्यांना पावणेच म्हणतो. हॉलवर तर आचाऱ्याला द्यायच्या चिठ्ठीतही तसंच लिहितात. कुणाकडे मानाची माणसं असली, त्यांना काउंटरच्या रांगेत उभं करायचं नसलं, तर चिठ्ठीत येतं, पावणे चार, बसून. पावणे दहा, बसून. म्हणजे तेवढ्या माणसांचं टेबल वेगळं. आचाऱ्याने सहाच्या खाली पावणे सात वाचलं आणि सहाला सात माणसांचं टेबल मांडलं. घड्याळातलं पावणेसात जोडून लिहायचं असतं, हे लेकीने मला नंतर सांगितलं. मी तोडून लिहिलं होतं. आकडे सोडून अक्षरं धरली, तर अक्षरांनीही दगा दिला.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "खुर्चीवाले, काय लिहिलंत हे?"

मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तेच.

आचाऱ्याचा चेहरा पडला. म्हणाला, चुकलं माझं, उचलतो, पाऊण तासाने पुन्हा गरम करून मांडतो. त्याने कपड्याचं टोक धरलंही. तिथे मावशीने त्याचा हात धरला. चापट नाही, नुसता धरला. म्हणाली, मांडलेलं टेबल असं उचलायचं नाही. मेहनत दोनदा आणि उपयोग एकदाही नाही, असलं काम माझ्यासमोर नको. सातच माणसं हवीत ना? आणते.

आणि आणली. स्टेजवरून नवरा-नवरीला उतरवलं. वेळापत्रकाप्रमाणे त्या वेळी त्यांचे मित्रांबरोबर फोटो होते. फोटोवाला काही बोलायच्या आत ती निघून आली होती. जावयाचे आईवडील, चार. लेकीचा मामा, पाच. मग मला म्हणाली, तुमच्या अक्षराची करणी आहे, तुम्ही बसा. सहा. सातवी खुर्ची राहिली.

सातव्यासाठी तिने हॉलभर नजर फिरवली. फोटोवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, मी कामावर आहे. एका आत्याकडे बघून हात वर केला, पण त्यांचं ताट भरून झालं होतं. लेकीने फक्त आपला हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

मावशीच्या लक्षात आलं. म्हणाली, मला काउंटरला उभं राहायचंय, रांग लागली आहे. आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मावशीच्या जागेवर तिच्याच हाताखालची सगळ्यात जुनी बाई उभी होती, पाहुणी म्हणून आलेली, चांगले कपडे घातलेली, आणि ताटं सरकवत होती. ती तिथूनच म्हणाली, मावशी, इथे गर्दी करू नका, पाहुण्यांनी बसून घ्यावं.

व्याही मजेदार माणूस. म्हणाले, साडेसाती ऐकली होती, ही पावणेसाती पहिल्यांदाच बघतोय. बसा विहीणबाई, सुटका नाही.

मावशी तरीही उभी. म्हणाली, मी पावणेसातला बसते म्हणाले होते. अजून सहा वाजून सहाच मिनिटं झालीत.

"घड्याळाला राहू दे उभं," लेक म्हणाली. "तू बस."

मावशी बसली.

खुर्ची लावणाऱ्याला माणूस कसा बसला ते कळतं. आधी ती खुर्चीच्या काठावर होती, वजन सगळं पायांवर, कुणी हाक मारली तर अर्ध्या सेकंदात उठेल अशी. पहिले चार घास तसेच खाल्ले. लेकीने ताटात वाढलं ते संपलं. जावयाने वाढलं तेही. मग खुर्चीचा मागचा पाय किंचित वाजला. पाठ टेकली होती.

टेकल्या टेकल्या म्हणाली, हे टेबल हलतंय.

मी म्हटलं, शक्य नाही, माझी टेबलं हलत नाहीत. तिने बोटाने दाबून दाखवलं. हललं. सत्तावीस वर्षं मी त्या टेबलाची ने-आण केली, तिने ते पुसलं, आणि ते हलतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, कारण आमच्यापैकी कुणी त्याच्यापाशी बसून जेवलं नव्हतं. मी खिशात हात घातला, जो कागद लागला तो काढला, घडी घालून पायाखाली सरकवला. ते वेळापत्रक होतं. कुणाला त्याची गरज पडली नाही.

नंतरचं सगळं विस्कटलं. मित्रांचे फोटो झाले नाहीत, त्याऐवजी मित्र ताटं घेऊन आमच्या टेबलाभोवती येऊन उभे राहिले आणि जावयाच्या शाळेतल्या गोष्टी सांगू लागले. एक गोष्ट तर अशी होती की जावई मधेच उठून मित्राच्या तोंडात घास कोंबायला धावला. जावयाच्या आईला आणखी चार शब्द सुचले, ते त्यांनी बसल्या बसल्या सांगितले. मावशीने बोटं दाखवली नाहीत. ती हसत होती. मी मोजलं नाही, पण पाच सेकंदांपेक्षा पुष्कळ जास्त. आचारी दोनदा येऊन वाढून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मावशीने त्याला विचारलं, मीठ किती घातलंस रे, अगदी बरोबर आहे. आचारी आत जाऊन सगळ्यांना सांगत सुटला.

लेकीने एकदा मनगट पुढे करून आईला घड्याळ दाखवलं. म्हणाली, आत्ता वाजले बघ पावणेसात. मावशीने पाहिलं आणि म्हणाली, मग आता वेळेवरच बसले आहे मी. आणि पाणी मागितलं. मागितलं म्हणजे उठून आणलं नाही, मागितलं. सातचा फोटो सव्वासातला निघाला. निरोपाला लोक उठेनात. आठला पाच कमी असताना हॉल रिकामा झाला तो कसा झाला ते मला सांगता येणार नाही. मी एकही खुर्ची ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मालकांच्या खोलीत राहिलेलं भाडं द्यायला गेली. मी खुर्च्यांच्या कोठीच्या किल्ल्या परत करायला तिथेच होतो. मालकांनी बिल पुढे केलं आणि म्हणाले, तुम्ही आमच्याच, सव्वीस वर्षं झाली, निम्मं द्या. मावशी म्हणाली, सव्वीस वर्षांत निम्मं काम कधी केलंय का मी? पूर्ण घ्या. वादाला जागाच ठेवली नाही. मग बिल हातात घेऊन ओळ न ओळ वाचलं, ती पुसलेल्या टेबलावर शेवटची नजर टाकायची तसं. काउंटरचं जेवण दोनशे. फुलं. ध्वनिक्षेपक. शेवटपर्यंत वाचून तिने बिल परत टेबलावर ठेवलं.

"बसून जेवलेल्यांचं टेबल यात नाही," ती म्हणाली.

मालक म्हणाले, ते तर स्वयंपाकघराच्या चुकीने लागलं, त्याचं काय घ्यायचं.

मावशी म्हणाली, चुकीने लागलं, पण वाढणाऱ्याचे हात खरे लागले. आणि आम्ही बसलो तेही खरंच. लिहा.

मालकांनी लिहिलं. बसून जेवणाऱ्याचा दर उभ्याने जेवणाऱ्याच्या दुप्पट असतो. मावशीने लेकीच्या लग्नासाठी पगारातून बाजूला टाकलेले पैसे एका जुन्या डब्यात आणले होते. भाडं देऊन, जेवण देऊन, फुलं देऊन डब्याच्या तळाशी जे राहिलं होतं ते तिने काढलं, नोटा सरळ केल्या आणि मालकांसमोर ठेवल्या. सात माणसांचं टेबल, बसून.